बेदाण्याचे ऑनलाइन दुकान : खर्चाचा हिशेब, कामाची शिस्त आणि विक्रीची वाढ

नाशिक शहरातून अशोक स्तंभाकडून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर व गंगापूर गावावरून धरणाकडे जाणारा गंगापूर रोड हा एके काळी मळ्यांचा रस्ता होता. गोदावरीवरील गंगापूर धरण 1965 साली पूर्ण झाले आणि या पट्ट्यात बारमाही बागायतीला आधार मिळाला. पुढे शहर वाढत गेले, मळ्यांच्या जागी वसाहती व महाविद्यालये उभी राहिली; तरी गोवर्धन, गिरणारे, सावरगाव या बाजूंना द्राक्ष, टोमॅटो व भाजीपाला यांची शेती आजही टिकून आहे. सावरगावच्या बाजूस 1999 साली सुरू झालेल्या सुला या द्राक्षमद्याच्या कारखान्याने 2005 साली पाहुण्यांसाठी आपले दालन उघडले, आणि मुंबई-पुण्याचा ग्राहक स्वतः होऊन या रस्त्यावर येऊ लागला. उत्पादक आणि ग्राहक एकाच रस्त्यावर समोरासमोर यावेत, असा योग शेतीमालाच्या व्यापारात क्वचितच येतो.

या योगाचा लाभ घेऊन कित्येक शेतकरी कुटुंबांनी बेदाणा, मनुका, लोणची, पापड, मध अशा वस्तूंची लहान ऑनलाइन दुकाने थाटली आहेत. कोणी स्वतःचे संकेतस्थळ केले आहे, कोणी व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी लावली आहे, तर कोणी मोठ्या विक्रीमंचावर आपला माल ठेवला आहे. दुकान उघडणे आता कठीण राहिलेले नाही. परंतु दुकान उघडणे निराळे आणि ते चालविणे निराळे. पहिल्या हंगामात नातेवाईक व परिचित यांच्या मागणीने जो उत्साह येतो, तो दुसऱ्या हंगामात ओसरतो. आणि पुष्कळदा माल विकला जाऊनही हाती पैसा का उरत नाही, हे घरातील कोणालाच सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात बेदाण्याच्या लहान दुकानाचे उदाहरण घेऊन याच प्रश्नाचा विचार केला आहे.

कोणता माल दूर पाठवावा

नाशिकच्या ताज्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन लाभले आहे आणि त्यांची कीर्ती मोठी आहे. म्हणून नव्या दुकानदाराचा पहिला मोह ताजी द्राक्षेच पार्सलने पाठविण्याचा असतो. हा मोह आवरावा. द्राक्षाचा घड तोडल्यानंतर काही तासांच्या आत पूर्वशीतकरण करून पुढे सुमारे शून्य अंश सेल्सिअस तपमानात राहिला, तरच तो टिकतो. मोठ्या निर्यातदाराजवळ ही शीतसाखळी असते, साध्या कुरिअरजवळ नसते. मार्चच्या उन्हात दोन दिवस गाडीत राहिलेली पेटी ग्राहकाच्या दारात उघडली जाते तेव्हा मणी गळालेले, देठ वाळलेले आणि रस झिरपलेला असतो. माल गेला, वाहतूक गेली आणि नावही गेले. ताजी द्राक्षे नाशिक शहरातच, सकाळी तोडून त्याच दिवशी पोहोचतील अशा बेताने विकावीत. गंगापूर रोड, कॉलेज रोड या वसाहतींत अशी घरपोच विक्री चांगली होऊ शकते.

बेदाण्याचे तसे नाही. द्राक्षात गोडी 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत भरल्यावर घड तोडून ते पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएट यांच्या द्रावणात (दर लिटर पाण्यास अनुक्रमे 25 ग्रॅम व 15 मिलिलिटर) बुडवून, शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळविले म्हणजे सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. चार किलोंचे मोल एका किलोत सामावते, पाणी उडून गेल्याने तो लवकर नासत नाही, आणि वाहतुकीतील आदळआपट सोसतो. ऑनलाइन विक्रीस योग्य अशा मालाचे हेच तीन गुण होत : वजनाच्या मानाने किंमत अधिक, टिकाऊपणा आणि प्रवास सोसण्याची ताकद. 2020 सालच्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे द्राक्षाची बाजारपेठ एकाएकी बंद पडली, त्या वेळी ज्यांच्याजवळ वाळवणीची सोय होती त्यांनी बागेतील माल बेदाण्यात उतरवून निदान काही पैसा वाचविला. त्याच काळात दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने शहरांतील घरांपर्यंत फळे व भाज्या थेट पोहोचविल्या. तेथील व्यवस्था मोठी होती. लहान कुटुंबाने तिचा आकार नव्हे, तर तिच्यातील हिशेबाची शिस्त उचलावी.

एका पार्सलाचा हिशेब

ज्याप्रमाणे पिकाचा एकरी खर्च काढल्यावाचून ते परवडले की नाही हे कळत नाही, त्याप्रमाणे दुकानाचा हिशेब दर पार्सलामागे काढावा लागतो. महिन्याची एकूण विक्री पाहून समाधान मानणे ही सर्वांत मोठी फसगत आहे. खालील आकडे उदाहरणादाखल मानलेले आहेत; प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, चांगल्या प्रतीच्या बेदाण्यास लिलावात किलोला 200 रुपये मिळतात. हाच बेदाणा अर्ध्या किलोच्या पाकिटात, घरपोच, 250 रुपयांस विकावयाचा आहे. कुरिअरचा दर पहिल्या अर्ध्या किलोस 60 रुपये आणि पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस किंवा त्याच्या अंशास 30 रुपये असा धरू. आता बेदाणा 100 रुपयांचा. निवडणे, पाकीट व लेबल यांचे 15 रुपये. खोक्याचे 10 रुपये. पैसे वसूल करून देणाऱ्या सेवेची आकारणी दोन टक्के धरल्यास 5 रुपये. उरले कुरिअर. दुकानदार म्हणतो, माल अर्धा किलो म्हणून 60 रुपये. परंतु पाकीट व खोके धरून पार्सलाचे वजन 570 ग्रॅमच्या घरात जाते आणि आकारणी एका किलोची, म्हणजे 90 रुपये होते. एकूण खर्च 220 रुपये झाला आणि उरले 30 रुपये.

हेच पाकीट 400 ग्रॅमचे करून 210 रुपयांस विकले तर काय होते ते पाहावे. बेदाणा 80, पाकीट व लेबल 15, खोके 10, वसुलीची आकारणी सुमारे 4, आणि पार्सल अर्ध्या किलोच्या आत बसल्यामुळे कुरिअर 60 रुपये. एकूण 169 रुपये. शिल्लक 41 रुपये. शंभर ग्रॅमचा दर पन्नासावरून साडेबावन्न रुपयांवर गेला एवढाच फरक. तरीही माल कमी देऊन शिल्लक अधिक राहिली. यात ग्राहकाची फसवणूक नाही. निव्वळ वजन पाकिटावर ठळक छापावे आणि दुकानाच्या पानावरही तितक्याच ठळकपणे लिहावे, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. अर्ध्या किलोच्या सवयीने घेणाऱ्या ग्राहकास 400 ग्रॅम गुपचूप देणे हे व्यापारास शोभणारे नाही आणि ते फार दिवस लपतही नाही.

आता एकाच ग्राहकाने चार पाकिटे घेतली असे धरू. किंमत 840 रुपये. बेदाणा 320, पाकिटे 60, मोठे खोके 20, वसुली 17, आणि खोक्यासह पावणेदोन ते दोन किलो वजनास कुरिअर 150 रुपये. एकूण 567 रुपये. शिल्लक 273 रुपये, म्हणजे दर पाकिटामागे 68 रुपये. एका पाकिटाच्या मागणीत 41 आणि चारच्या मागणीत 68! म्हणून लहान दुकानाने नवीन ग्राहक धुंडाळण्याआधी आलेल्या ग्राहकाची मागणी मोठी कशी होईल याचा विचार करावा. हिरवा, पिवळा व काळा बेदाणा मिळून चार पाकिटांचा संच करावा. दिवाळीपूर्वी भेटीचा संच करावा. शेजारच्या दोन घरांनी मिळून मागविल्यास पोस्टखर्च कसा वाचतो हे पानावर साध्या शब्दांत लिहावे. जी बचत झाली तीतील काही भाग ग्राहकास सूट म्हणून देता येतो. एका पाकिटावर सूट देणे मात्र स्वतःच्या खिशातून देणे होय.

खोक्याच्या आकाराविषयी येथेच सांगणे योग्य होईल. कुरिअर कंपन्या केवळ काट्यावरील वजन धरीत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकारास बहुधा 5000 ने भागतात आणि येणारा आकडा किलोत मोजून, दोहोंपैकी जो अधिक त्याची आकारणी करतात. घरात पडलेले 30 × 20 × 15 सेंटिमीटरचे खोके वापरले तर 400 ग्रॅम बेदाण्याची आकारणी 1.8 किलोची होते. तेच 20 × 15 × 8 सेंटिमीटरच्या खोक्यात बसविले तर आकडा 0.48 येतो आणि पार्सल अर्ध्या किलोच्या आत राहते. फुकटचे खोके असे महाग पडते.

परत येणारे पार्सल

पार्सल दारात आल्यावर पैसे देण्याची रीत नवी नाही. भारतीय टपाल खात्याने 1877 सालीच व्ही.पी.ची पद्धत सुरू केली होती आणि पुस्तके, औषधे, बियाणे तिच्या आधारे गावोगाव जात असत. त्या वेळीही व्ही.पी. न सोडवणारे गिऱ्हाईक हा दुकानदाराच्या चिंतेचा विषय होता आणि आजही तो आहे. ग्राहक घरी नसतो, त्याचा विचार बदललेला असतो, किंवा पत्ता अपुरा असतो.

वरील उदाहरणात एक पार्सल परत आले तर जाण्याचे 60, येण्याचे 60 आणि खोक्याचे 10 मिळून 130 रुपयांचे नुकसान होते. माल सुस्थितीत परत आला असे धरूनच हा आकडा आहे. एकेका पाकिटाची दहा पार्सले पाठविली आणि एक परत आले, तर नऊ विक्रींचे 369 रुपये मिळून त्यातून 130 गेले, राहिले 239. दोन परत आली तर 328 मधून 260 गेले. राहिले अवघे 68. तीन परत आली तर 287 मिळाले व 390 गेले. म्हणजे 103 रुपये पदरचे घालून सात घरांना बेदाणा पुरविला! अनेक दुकानांचा नफा कोठे मुरतो याचे उत्तर या तीन ओळींत आहे. आणि हे नुकसान विक्रीच्या आकड्यात दिसत नाही, कारण तेथे पार्सल 'रवाना' म्हणून नोंदलेले असते.

याला उपाय आहेत. युपीआयने आगाऊ पैसे भरणाऱ्यास थोडी सवलत द्यावी. 2016 साली सुरू झालेली ही पद्धत आता लहानमोठ्या सर्वांच्या परिचयाची आहे. दारात पैसे देऊ इच्छिणाऱ्या नव्या ग्राहकास पार्सल पाठविण्यापूर्वी फोन करून पत्ता, पिनकोड व घरी असण्याची वेळ विचारून घ्यावी. दोन मिनिटांचा हा फोन 130 रुपये वाचवितो. ज्या पिनकोडांवरून पार्सले वारंवार परत येतात त्यांची निराळी नोंद ठेवून तेथे फक्त आगाऊ रक्कम घ्यावी. दारात पैसे देण्याची सोय एकदम बंद करणे मात्र शहाणपणाचे नाही. ज्याने हे दुकान कधी पाहिले नाही अशा माणसाचा अविश्वास रास्त असतो. पहिली खरेदी त्या मार्गाने होऊ द्यावी आणि दुसऱ्या खरेदीस आगाऊ रक्कम मागावी.

वेळेचा खर्च

शेतकरी कुटुंबात घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरण्याची पद्धत नाही. दुकानात ती अवश्य धरावी. आठ तासांची मजुरी 400 रुपये मानली तर तासाचे 50 रुपये होतात. एक पार्सल तयार करण्यास 12 मिनिटे लागली तर 10 रुपयांची मजुरी गेली आणि 41 चे 31 रुपये झाले. 24 मिनिटे लागली तर 21 रुपये राहिले. हे काम बहुधा घरातील स्त्रिया स्वयंपाक, गुरे व मुले सांभाळून करतात. त्यांचा वेळ वाया घालविणारी व्यवस्था ही वाईट व्यवस्था होय, मग पैशांत तोटा दिसो अगर न दिसो.

वेळ कोठे जातो हे पाहण्यासाठी एक दिवस घड्याळ लावून प्रत्येक काम मोजावे. बहुतेक ठिकाणी असे आढळते की, वजन करणे व पाकीट बंद करणे यास फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो कात्री शोधण्यात, चिकटपट्टीचे टोक उकलण्यात, मोबाइलमधील संदेशांतून पत्ता हुडकून काढण्यात आणि एकेका मागणीसाठी सर्व सामान पुन्हा मांडण्यात. यावर साधा उपाय म्हणजे काम एकत्र करणे. मागणी येण्याची वाट न पाहता आठवड्यातून एकदा शंभर पाकिटे वजन करून, बंद करून, लेबल लावून ठेवावीत. पार्सले दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी बांधावीत. दुपारी बारापर्यंत आलेली मागणी त्याच दिवशी निघेल आणि नंतरची दुसऱ्या दिवशी, असा नियम करून तो पानावर लिहावा. ग्राहकास घाईपेक्षा निश्चिती अधिक हवी असते.

भिंतीला लागून एक लांब मेज असावे. डावीकडे तयार पाकिटे, मध्ये खोकी व पट्टी, उजवीकडे पत्त्याची लेबले व काटा, आणि शेवटी तयार पार्सलांची टोपली, अशा क्रमाने मांडणी केली म्हणजे माणसाला जागेवरून उठावे लागत नाही. काटा प्रमाणित व मुद्रांकित असावा. सर्व मागण्या, त्या कोठूनही आलेल्या असोत, एकाच वहीत किंवा संगणकावरील एकाच तक्त्यात उतरवाव्यात : तारीख, नाव, पिनकोड, पाकिटे, रक्कम, पैसे आले की नाही, पार्सल क्रमांक, पोहोचल्याची तारीख, तक्रार. संकेतस्थळावर तीन पाकिटे शिल्लक दिसत आहेत आणि तीच सकाळी बंगल्यावर आलेल्या पाहुण्यास विकली गेली आहेत, असा प्रसंग या एका वहीने टळतो. जुना माल आधी निघावा म्हणून प्रत्येक डब्यावर वाळवणीची तारीख लिहावी.

दुकानाचे पान

गंगापूर रोडवर येणारा पाहुणा बेदाणा हातात घेतो, एक दाणा तोंडात टाकतो आणि मग घेतो. ऑनलाइन ग्राहकास यांतले काहीच करता येत नाही. म्हणून दुकानाच्या पानाने त्याचे डोळे, हात व जीभ यांचे काम करावयाचे असते. छायाचित्र सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर, शेजारी चमचा ठेवून घ्यावे, म्हणजे दाण्याचा आकार कळतो. रंग यंत्राने खुलवू नये; हिरवट-पिवळा माल चित्रात हिरवागार दाखविला की तक्रार ठरलेली. चित्रे वजनाने हलकी, शक्यतो दोनशे किलोबाइटच्या आत ठेवावीत, कारण ग्राहक बहुधा मोबाइलवर व कित्येकदा मंद जोडणीवर पाहत असतो. पान उघडण्यास वेळ लागला तर तो थांबत नाही.

नावाचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. उत्पादक 'बेदाणा' म्हणतो. शहरातील अनेक गृहिणी त्यालाच 'मनुका' म्हणतात, वास्तविक जाणकार मनुका म्हणून बियांचा काळा माल ओळखतात. नागपूर, इंदूर, दिल्लीकडील ग्राहक 'किशमिश' असे लिहून शोध घेतो. पानावर केवळ 'बेदाणा' एवढाच शब्द असेल तर शोधणाऱ्या निम्म्या लोकांना हे दुकान सापडणारच नाही. म्हणून वर्णनात तिन्ही शब्द यावेत, आणि मनुका व बेदाणा यांतील भेदही दोन ओळींत सांगावा. वाण, गाव, वाळवणीचा महिना, गंधकाची धुरी दिली आहे की नाही, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, आणि पोस्टखर्च ही माहिती पहिल्याच पडद्यावर असावी. फोनवर ग्राहक जे प्रश्न पुनःपुन्हा विचारतात ते आठवडाभर लिहून काढावेत. त्यांची उत्तरे पानावर घातली की फोन कमी होतात आणि विक्री वाढते.

विक्री कोठे अडते

बियाणे पेरले, उगवले, फुलले आणि फळास आले, या चार टप्प्यांपैकी गळ कोठे होते हे पाहून शेतकरी उपाय करतो. उगवणच कमी असेल तर बियाणे तपासतो. फुले गळत असतील तर पाणी व अन्नद्रव्ये पाहतो. दुकानाचेही असेच आहे. समजा, महिन्यात 1000 लोकांनी पान उघडले, 300 जणांनी एखादी वस्तू उघडून पाहिली, 60 जणांनी ती पिशवीत टाकली आणि 15 जणांनी पैसे भरले. पिशवीत टाकूनही 45 जण निघून गेले, ही गळ डोळ्यांत भरणारी आहे. ज्याने वस्तू निवडली त्याला ती हवी होती. मग त्याला कशाने अडविले? पुष्कळदा कारण एकच असते : 150 रुपयांची वाटणारी वस्तू शेवटच्या पायरीवर पोस्टखर्चासह 210 रुपयांची होते. हा खर्च प्रारंभीच किमतीत धरून दाखवावा. याउलट 1000 पैकी 30 जणांनीच वस्तू उघडली असती, तर दोष पहिल्या चित्रात वा किमतीत शोधावा लागला असता. आणि पान उघडणारेच 50 असते, तर पान कितीही सुधारले तरी उपयोग झाला नसता.

बदल करताना एका वेळी एकच करावा. चित्र, किंमत व पोस्टखर्च हे तिन्ही एकदम बदलले तर कशाने गुण आला हे कळत नाही. खताच्या प्रयोगात जसा एक वाफा खताविना ठेवतात, तसा मागील महिना तुलनेस ठेवावा. मात्र दिवाळीचा महिना आणि आषाढ यांची तुलना करू नये. आणखी एक गोष्ट लहान दुकानदाराने विशेष ध्यानात ठेवावी. मागणीचे आकडे लहान असतात तेव्हा ते नुसत्या योगायोगानेही खालीवर होतात. महिन्यास 15 मागण्या येणाऱ्या दुकानात पुढील महिन्यात 19 आल्या किंवा 11 आल्या, तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. 15 च्या 30 झाल्या तर बदलास यश आले असे मानण्यास हरकत नाही. दोनचार मागण्यांच्या चढउतारावर दुकान उलटसुलट करीत राहण्यापेक्षा दोनतीन महिने धीर धरलेला बरा. संकेतस्थळे बनवून देणारे काही सल्लागार अशा किरकोळ चढावर मोठी बिले लावतात; त्यांना पार्सलामागे शिल्लक किती वाढली, एवढेच विचारावे.

मोठे विक्रीमंच की स्वतःचे दुकान

2016 साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, त्यामुळे थेट विक्रीचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी ई-नाम ही राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली, परंतु ती बाजार समित्यांतील ठोक लिलावासाठी आहे. 400 ग्रॅमच्या पाकिटाशी तिचा संबंध नाही. डिसेंबर 2021 मध्ये स्थापन झालेली ओएनडीसी ही व्यवस्था लहान विक्रेत्यास निरनिराळ्या खरेदी ॲपवर एकाच नोंदीने दिसता यावे म्हणून केलेली आहे. मोठ्या खासगी मंचावर ग्राहक पुष्कळ, पण दलाली, साठवणीचा खर्च आणि परत येणाऱ्या मालाचा भार विक्रेत्यावर. शिवाय ग्राहकाचे नाव व फोन मंचापाशी राहतो. तेथे नवीन ग्राहक मिळवावा. मात्र वरच्या पद्धतीने मंचाची आकारणी धरून पार्सलामागील शिल्लक आधी काढावी, आणि ती उणे येत असेल तर माल ठेवू नये.

लहान दुकानाची खरी ठेव म्हणजे परत येणारा ग्राहक. त्याला शोधण्याचा खर्च एकदाच होतो. वहीत ज्याची खरेदी होऊन दोनअडीच महिने झाले त्याला, त्याची पूर्वसंमती असल्यास, एक छोटा संदेश पाठवावा. रोज शुभप्रभाताची चित्रे पाठविणाऱ्या दुकानाचा क्रमांक लोक बंद करून टाकतात. नव्या हंगामाचा माल आला, एवढे कळविणे पुरे.

कायद्याच्या बाबी

पाकिटावर वस्तूचे नाव, पॅक करणाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, महिना व वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांप्रमाणे द्यावी लागते. ऑनलाइन विक्रीत ती बहुतांशी पानावरही दाखवावी लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील नोंदणीचा किंवा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापावा. गंधकाची धुरी दिलेली असल्यास ते सांगावे, कारण काही दम्याच्या रोग्यांना असा माल सोसत नाही. डिसेंबर 2024 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने स्पष्ट केले की, शेतकऱ्याने स्वतः पुरविलेल्या बेदाण्यावर हा कर देय नाही. परंतु दुसऱ्याचा माल विकत घेऊन विकला म्हणजे तो व्यापार झाला आणि ही सवलत तेथे लागू समजू नये. राज्याबाहेर मंचामार्फत विक्री करण्यापूर्वी जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. प्रक्रिया व प्रतवारी यांविषयी गोवर्धन येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे विचारणा करता येते.

पावसाळ्यातील साठवण

मार्च-एप्रिलमध्ये तयार झालेला माल दिवाळीपर्यंत विकावयाचा असतो आणि मध्ये नाशिकचा पावसाळा असतो. बेदाण्यात सुमारे 15 टक्के ओलावा असतो. दमट हवेत तो वाढला की दाणे एकमेकांस चिकटतात, रंग काळवंडतो आणि बुरशी धरते. मुख्य साठा शीतगृहात सुमारे 4 ते 5 अंश सेल्सिअसवर ठेवावा आणि घरी पंधरा दिवस पुरेल एवढाच आणावा. शीतगृहातून आणलेली पेटी लगेच उघडू नये. थंड दाण्यांवर बाहेरच्या हवेतील पाणी जमते. ती बंदच ठेवून घरातील तपमानास येऊ द्यावी आणि मग पाकिटे भरावीत. जून ते सप्टेंबर या काळात पाकिटे जाड, हवाबंद असावीत व पार्सलावर प्लास्टिकचे आवरण असावे. सप्टेंबरच्या अखेरीस शिल्लक मोजून दिवाळीचे संच किती करता येतील हे ठरवावे आणि तेवढेच पानावर दाखवावेत. संपले की 'माल संपला, नवीन माल एप्रिलमध्ये' असे लिहून, ज्यांना कळवावयाचे त्यांची नावे त्याच वहीत घ्यावीत.